दहाच्या जागी नऊ

ठाण्याच्या कोपरीत सुदेश मास्तरांचं घर शोधणं सोपं. कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून आकड्यांचे कागद टांगलेली गॅलरी दिसली की तेच. संचितावहिनींनी कपड्यांसाठी वेगळी दोरी बांधलीय. रोज भांडणार कोण?

मास्तर कल्याणच्या कॉलेजात शिकवतात. पन्नाशी आली, पण नाद एकच. श्रेणीबद्ध मॉड्यूल नावाची बीजगणितातली रचना घ्यायची. तिचे मूळ घटक मोजायचे, मग त्यांच्यातले संबंध, मग त्या संबंधांमधलेही संबंध. प्रत्येक पायरीला कमीत कमी किती लागतात, त्या बेट्टी संख्या. तळमजल्यावरच्या शीलाकाकू सोयरिकी जुळवताना हेच करतात, फक्त कागद वापरत नाहीत.

पाच चलांची, म्हणजे पाच दिशांची, रचना त्या पाचही दिशांना कुठेतरी थांबत असेल, तर संबंधांमधले संबंध दहाच्या खाली येत नाहीत, असा जाणत्यांचा अंदाज. पुरता सिद्ध कुणी केलेला नाही. रविवारी सकाळी मास्तरांना मिळाले नऊ!

"संचिता, कुणाला बोलू नकोस हं."

वहिनींनी फक्त शीलाकाकूंना सांगितलं. दुपारी काकू पेढे घेऊन हजर.

"मास्तर, उद्या स्टेशनपलीकडे गणिताच्या विद्वानांपुढे बोलायचंय ना? बटणं असलेला शर्ट घाला."

"अहो काकू, तपासायचंय अजून."

"तपासा की, खाऊन तपासा!"

मास्तरांनी पेढा बाजूला ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बोलायला बोलावलेलं, आणि सकाळीच उत्साहात त्यांनी स्वतः विषय कळवलेला, 'दहाचा अंदाज मोडला'. त्यांनी पुन्हा कागद उतरवले. चार दिशा थांबत होत्या. पाचवं चल सगळ्या संबंधांत दिसत होतं, म्हणून तीही थांबते असं मास्तरांनी धरलेलं. पाचवी दिशा मोकळीच सुटलेली होती. त्या बाजूला रचना संपतच नव्हती. अंदाज शाबूत होता.

"मग उद्याचं नाही म्हणून कळवू?" वहिनींनी हळूच विचारलं.

"थांब गं." मास्तरांनी पाचव्या दिशेलाही एक अट घातली आणि मोजलं. "अगं, सोळा! नऊवरून एकदम सोळा. दहा-अकरावर का नाही थांबलं?"

"मला काय विचारता?"

सोमवारी सभागृहात मास्तरांनी पहिल्याच वाक्यात चूक सांगून टाकली. मग त्यांनी सोळाचा कागद दाखवून तोच प्रश्न विचारला, दहा-अकरावर का नाही थांबलं? मागच्या रांगेतून तिघं एकदम बोलले, "पाचवी दिशा दुसऱ्या तऱ्हेने थांबवली तर?"

मास्तर खडू घेऊन फळ्याकडे वळले.