वाफेवरून मीठ सांगणारे मामा

आमचे आचारीमामा कधी काही चाखून बघत नसत. टोपावरचं झाकण सरकवायचे, वाफेवर नाक धरायचे, डोळे मिटायचे आणि मामीला सांगायचे, "मीठ कमी हाय, अर्धी मूठ टाक." कोपरला आमच्या गावठाणात लग्न असो, हळद असो की देवळातला भंडारा, रांधायला मामाच. नैवेद्य दाखवण्याआधी अन्नाला जीभ लावायची नाही, हा त्यांच्या वडिलांचा नियम. देवळात पाळता पाळता तो त्यांच्या अंगवळणीच पडला.

दुसऱ्याच्या स्वयंपाकाची ते गय करत नसत. एका लग्नात मांडवाच्या दारातच थांबून म्हणाले, "भात खालून लागलाय." आम्ही हसलो. पानावर बसल्यावर हसू गेलं. माझ्या आईचा चहाही सुटत नसे. "ताई, दूध कालचं हाय."

मी पदवी मिळवली, आमच्या घरात पहिलीच. त्या आनंदात मीच हट्ट करून सगळ्यांना नौपाड्यातल्या एका हॉटेलात नेलं. मेनू मी वाचून दाखवत होते. खरं सांगायचं तर थोडी मिरवतही होते.

डाळ आली. तिचा करपट वास मलाही आला. पनीर आंबूस होतं. बाबा पहिल्या घासानंतर पोळीच मोडत राहिले, आई नुसती पाणी प्यायली आणि मग सगळे मामांकडे बघू लागले. आता माझी शोभा होणार, असं मला वाटलं. मामांनी वाटी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "ब्येस हाय. जेवा."

भाचीचं मन राखलं, या विचाराने माझा जीव भांड्यात पडला. फक्त मामीचा हात थांबला. मामा पुन्हा डाळ वाढून घेत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. हात धुताना ती मला हळूच म्हणाली, "सकाळी गॅस न पेटताच सुरू ऱ्हायलेला, घरभर वास. हे बाजूलाच पेपर वाचत बसलेले."

मी म्हटलं, सर्दी असेल. त्या दिवशी मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं.

चार महिन्यांनी देवळात भंडारा होता. मामांनी केलेलं वरण तळापासून करपलं. पंगतीत कुणी एक शब्द बोललं नाही. मामा उष्ट्या पत्रावळींतून फिरले. प्रत्येक पानावर वरण तसंच होतं. फिरत फिरत ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"हाटेलातली डाळ पण अशीच व्हती?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग बोलली का नाय?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यानंतर त्यांनी झारा हातात घेतला नाही. वास येत नाही म्हणून दाखवलं, तर डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन करायला सांगितला, त्यात गाठ दिसली. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य मी अजून मनातल्या मनात पुरं करत असते.

मामांच्या तेराव्याला मामीने मला चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, बोलावलं. टोपावरचं झाकण सरकवलं. "नैवेद्य जायचाय. बघ."

मी वाफेवर वाकले, डोळे मिटले. वरण तळाला नुकतंच धरू लागलं होतं. बाहेर माणसं बसली होती, मामी रडून थकली होती, आणि तरी मी बोलले.

"मामी, लागतंय," म्हटलं, आणि गॅस बंद केला.