सगळ्यांचं नाव ‘न्यू’

आजही कुणी फायलीला ‘न्यू’ किंवा ‘फायनल’ असं नाव दिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे हसतात. हसू देत.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर कामगारांची हजेरी भरत असे. हजेरीचा प्रोग्रॅम मुंबईहून फ्लॉपीवर यायचा. त्यात सुधारणा झाली की नवी फ्लॉपी. प्रत्येक फ्लॉपीवर आणि तिच्यातल्या फायलीवर नाव मात्र एकच: न्यू. घरातल्या चारही पोरांना ‘बाळ’ म्हटलं तरी आई चेहऱ्यावरून ओळखते. फ्लॉपीला कुठला आलाय चेहरा?

मी साहेबांना म्हटलं, “नावाला आठ अक्षरं मिळतात. त्यात हजेरीची खूण, वर्ष, महिना आणि कितवी सुधारणा, एवढं बसतं. सगळ्यांनी तसंच लिहायचं.”

“बाई, बारसं घरी करा,” साहेब म्हणाले.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा साहेबांनी फ्लॉपीलाही कुंकू लावलं. तिच्यातला प्रोग्रॅम मध्यरात्री तारीख बदलली की तिसऱ्या पाळीची हजेरी खाऊन टाकायचा. पुढे दुरुस्त केलेला आला, तोही ‘न्यू’. तो मी चढवला आणि हजेरी ताळ्यावर आली. दिवाळीत मी माहेरी देवळाली कॅम्पला गेले नि इकडे कॉम्प्युटर बंद पडला. प्रोग्रॅम पुन्हा चढवायला साहेब स्वतः बसले. समोर दोन ‘न्यू’. त्यांनी कुंकवाची उचलली. पूजा झालेली तीच खरी म्हणे!

तिसरी पाळी अख्खी गैरहजर झाली. कायम कामगारांची हजेरी युनियनने भांडून लावून घेतली. बदली कामगाराला कोण वाली? दिंडोरीकडचा एक जण होता. हजेरीत खंड पडला नाही तर महिन्याभरात तो कायम होणार होता. तो माझ्या टेबलापाशी आला.

“ताई, दिवाळीलाबी घरी नाय गेलो. रातभर मशीनवर हुभा होतो. आन् हे म्हनतं, मी आलोच नाय?”

मी त्याला घेऊन साहेबांकडे गेले. “कॉम्प्युटर खोटं बोलत नाही,” साहेब म्हणाले. मी दोन्ही फ्लॉप्या त्यांच्या टेबलावर आपटल्या. “यातली कुठली खोटं बोलत नाही ते सांगा!” त्यांनी कुंकवाची फ्लॉपी खणात टाकली. चूक कबूल केली असती तर त्यांना वर जाब द्यावा लागला असता. त्यापेक्षा त्यांनी त्या माणसाला घरी पाठवलं.

पुढच्या वर्षी परिपत्रक निघालं. खूण, वर्ष, महिना, कितवी सुधारणा, सगळं माझंच. खाली सही साहेबांची. मुंबईहून त्यांचं कौतुकही झालं. मला इतका संताप आला की तो कागद वाचून मी चुरगाळून टाकला.

नियमाप्रमाणे नाव दिलेली पहिली फ्लॉपी मीच चढवली. तिसऱ्या पाळीतला प्रत्येक माणूस हजर दिसला. ज्याला हजर दिसायला हवं होतं, तो आता कामावर नव्हता.