देवरावजींनी कोरलेला दिवा

सेलूच्या शाळेत मी इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. जुन्या पुस्तकातलं एका सेनापतीचं कोरीव चित्र वर्गात दाखवून मी म्हणाले, "पाहा, हे लढाईच्या तयारीत आहेत." तास संपला तेव्हा चित्रकलेचे शिक्षक देवरावजी कोडापे व्हरांड्यात थांबले होते. "बाई, तलवार म्यानात आहे, अन् हात मिटलेल्या पत्रावर आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हा माणूस तह करून आलेला दिसते." वर्गात त्यांनी मला टोकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांसमोर मीच माझी चूक सुधारली. देवरावजींची आणि माझी ओळख ही अशी झाली.

चित्रातला खांब सत्ता सांगतो, मागचा पडदा दरबार सांगतो, हे त्यांनीच मला शिकवलं. "कोरणाऱ्यानं त्या माणसाले बहुतेक पाह्यलंच नसते. म्हणून चेहऱ्याआधी हात पाहा," असं ते म्हणत. स्वतः ते तांब्याच्या पत्र्यावर व्यक्तिचित्रं कोरतात. एका पत्र्याला त्यांना वर्ष लागतं.

देवरावजी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी पवनारजवळच्या एका गावाला स्वातंत्र्यलढ्यातल्या भागिरथाबाईंचं चित्र सभागृहात लावायचं होतं. त्यांचा फोटो कुठेच नव्हता. त्यासाठी नेमलेल्या समितीत मीही होते. हातात पेटता दिवा असावा, जागृतीचं प्रतीक म्हणून, ही सूचना माझीच. काम देवरावजींकडे दिलं आणि त्यांनी तसं कोरलं. चित्र पुरं होत आलं तेव्हा ते भागिरथाबाईंच्या नातीला, गिरजाबाईंना, आपल्या घरी घेऊन आले; मीही तिथे होते.

गिरजाबाईंनी चित्र जवळून पाहिलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, माह्या आजीच्या हातात पेटता दिवा काऊन दिला? तिनं तर दिवा फुकून विझवला होता. पोलीस दारात आलते. अंधार झाला म्हणून तर तिघं जणं मागच्या दारानं निसटले. आजीले सहा महिने तुरुंग झाला."

 देवरावजी मला एवढंच म्हणाले, "बाई, आपण विचारलंच नाई त्यायले."

तांब्यावरची रेघ रबरानं खोडता येत नाही. तेवढा भाग खरवडायचा, पत्रा मागून ठोकून सपाट करायचा आणि पुन्हा कोरायचं. सत्तरी ओलांडलेल्या देवरावजींनी यात पाच महिने घातले. ज्योत गेली, वातीवर धुराची बारीक रेघ आली.

समिती अडून बसली. विझलेला दिवा अशुभ, तो सभागृहात कसा लावायचा? देवरावजी शांतपणे म्हणाले, "ज्योत पाह्यजे असंन तर चित्राखाली दुसऱ्या कोणाचं नाव लिहा. या बाईनं केलं ते हेच." मग बैठकीला आलेल्या गिरजाबाई उठल्या आणि तो सगळा प्रसंग त्यांनी भर बैठकीत सांगितला. समितीनं चित्र तसंच स्वीकारलं. आज ते चित्र सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर आहे. गावातली मुलं पाहुण्यांना त्या धुराची गोष्ट सांगतात.

माझी सूचना चुकली होती, हे देवरावजींनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणून ते मी इथे लिहिते आहे.

देवरावजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. मध्यंतरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि महिन्याभरात ते पुन्हा कामाला बसले. परवा भेटले तेव्हा त्यांनी एक यादी दाखवली. आपल्या जिल्ह्यातल्या, कधीच चित्र न निघालेल्या सतरा माणसांची नावं तीत होती. हिशेब सोपा आहे: एका पत्र्याला एक वर्ष. निदान तेवढी वर्षं तरी त्यांना निरोगी डोळे आणि स्थिर हात लाभोत, आणि यादीत नवी नावं येत राहोत.