आबांचं वाकडं तोंड

"दिगंबरराव, खरं सांगा. मशीनमधी जुनं सामान घातलंय का तुमी?"

खंदारे गुरुजींनी हे विचारलं तेव्हा मी बोरीला, त्यांच्या गावी, नव्या खोलीत, शहाबादी फरशीवर मांडी घालून बसलो होतो. समोर त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर पोट उघडून पडलेला आणि हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माझं डोकं मुळातच तापट, त्यात हा प्रश्न. इतकी वर्षं रेडिओ दुरुस्त केले, पण चोर म्हणून कुणी बोट दाखवलं नव्हतं.

पण आधी मागचं सांगतो, नाहीतर गुरुजी वाईट माणूस वाटतील. माणूस सोन्यासारखा होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीला स्टेशन रोडला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गुरुजी शाळेत शिकवायचे आणि घरची थोडी कापसाची शेती बघायचे. त्यांचे वडील आबा, एके काळचे नावाजलेले ढोलकीवाले. समतेची गाणी गात गावोगाव फिरणारे जलसे असायचे, त्यातल्या एका जलशात आबांची ढोलकी वाजली की लांबच्या वस्त्यांतून माणसं चालत यायची म्हणे. त्या आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे आबांनी भिंतीकडं तोंड केलं. कुणी आलं तरी वळून बघायचे नाहीत. सून जेवायला घालायची तर दोन घासांत तोंड मिटायचे.

दसऱ्याच्या सुमारास गुरुजी दुकानात आले आणि म्हणाले, "आबाला ढोलकी ऐकवायचीय. कायबी करा."

मी साधाच उपाय केला. त्यांच्या जुन्या रेडिओला मागून एक रेकॉर्ड प्लेअर जोडून दिला. रेकॉर्डवरची सुई जे उचलते ते रेडिओच्या स्पीकरमधून ऐकू येतं, इतकंच ते काम. गुरुजींनी भीमगीतांची रेकॉर्ड लावली. आबा भिंतीकडंच होते, पण त्यांचा डावा हात बाजेच्या लाकडी कडेवर गेला आणि बोटं हलायला लागली. शांताबाई, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, चुलीवरची भाकर तशीच टाकून पळत आल्या.

झालं! गुरुजींना नाद लागला. हाय-फायचा नाद लय वाईट. गाणाऱ्यानं जसं गायलं तसंच्या तसं घरात ऐकू आलं पाहिजे, हा त्याचा अर्थ, आणि त्या 'तसंच्या तसं'ला शेवट नसतो. दर पगाराला गुरुजी दुकानात हजर. "अजून साफ झालं तर?" रेडिओचा आवाज कोंदट वाटतो म्हणून मी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बांधून दिला. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सुईचा चिमुकला आवाज मोठा करणारं यंत्र. मग त्याला शोभेल असा मोठा स्पीकर, सागवानी पेटीत बसवून. हे सगळं मी गोधडीत गुंडाळून, लेकरासारखं मांडीवर घेऊन एसटीनं बोरीला नेलं.

खोली नवीकोरी होती. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा. त्यांच्या वस्तीतली पहिली स्लॅबची खोली. पण हंगाम सुरू होता, त्यामुळं अर्धी खोली कापसानं गच्च भरलेली, पार वरपर्यंत. उरलेल्या अर्ध्यात आबांची बाज आणि आमचं मशीन. मी कापसाला पाठ लावून वायरी जोडल्या, शिंका दिल्या, आणि इथं कुणी बिडी पेटवली तर तंगडं मोडीन म्हणून सगळ्यांना दम दिला.

संक्रांतीपर्यंत काय वाजायला लागलं म्हणता! ढोलकीची थाप न् थाप वेगळी. आबा आता भिंतीकडून वळून मशीनकडं तोंड करून पडायचे. एका रेकॉर्डवर दुसऱ्या अंतऱ्याला तो ढोलकीवाला जरा घाई करतो. ती जागा आली की आबा हमखास तोंड वाकडं करायचे. शांताबाई आम्हाला आधीच खुणवायच्या, "बघा, बघा, आता करतेत बघा!" आबांनी तोंड वाकडं केलं की सगळं घर खूश. त्यानंतर ते पोटभर जेवायचे.

शिमगा झाला आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. मशीन बिघडलं, आबा परत भिंतीकडं वळले, ताबडतोब या.

गेलो. मशीन लावून बघितलं. आवाज मोठा होता, पण सगळा एकात एक मिसळलेला. ढोलकीची एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर चढायची. मला वाटलं सुई झिजली. सुई बदलली, तरी तेच. मग अ‍ॅम्प्लिफायर दुकानात नेला. तिथं तो असा वाजला की शेजारचा पानवाला मान डोलवायला लागला. परत बोरीला आणला, तर पुन्हा घोळ. मग मी म्हटलं, गावातली लाइटच खराब. व्होल्टेज खालीवर होतं म्हणून स्टॅबिलायझर लावला. त्यानंही काही नाही. आवाज मोकळा व्हावा म्हणून ट्वीटर लावला. ट्वीटर म्हणजे बारीक आवाजासाठीचा छोटा स्पीकर. त्यानं तर कानात सुया टोचल्यासारखं झालं. जितकं सामान चांगलं, तितका कालवा जास्त!

आणि आबा? बाजेवर आमच्याकडं पाठ करून पडलेले. दुसरा अंतरा आला आणि गेला, त्यांनी मान वळवली नाही. डावा हात छातीशी दुमडलेला. शांताबाई जेवणाचं ताट तसंच परत घेऊन जाताना मी डोळ्यांनी बघितलं.

अशा वेळी गुरुजींनी तो प्रश्न विचारला. लेक होता बिचारा. बाप डोळ्यांदेखत परत हातातून चालला होता आणि दोष द्यायला समोर मीच बसलेला.

पण तेव्हा एवढं कुठलं सुचतंय! मी ताडकन उठलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "मी चोर आहे का, गुरुजी?"

माझं ओरडणं संपलं. पण खोलीतलं संपेना. स्लॅबला धडकलं, भिंतींवर आपटलं आणि फिरून माझ्याच कानात आलं.

मी कान टवकारले. मग एक जोरदार टाळी वाजवली. तीही तशीच घुमली. मी भिंतीपाशी जाऊन वाजवली, कोपऱ्यात जाऊन वाजवली. शांताबाई पदर खोचून धावत आल्या. "अवो, काय झालं? मारामारी करायलाव का काय?"

"कापूस कुठाय?" मी विचारलं.

"कोणता कापूस?"

"इथला! ही अर्धी खोली भरली होती तो!"

"तो विकला की. शिमग्याच्या आधीच गाडी भरून गेला," गुरुजी म्हणाले. माझं डोकं फिरलं असंच त्यांना वाटलं असावं.

मी कपाळावर हात मारून घेतला. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला! अहो, आवाज कडक भिंतीवर आपटला की चेंडूसारखा परत येतो. मऊ वस्तूत गेला की तिथंच जिरतो. हिवाळाभर तो ढीग सगळा घुमारा पिऊन टाकत होता. कापूस गेला, उरल्या चार कोऱ्या भिंती, स्लॅब आणि फरशी. मशीन पहिल्या दिवसापासून ठणठणीत होतं. मी इतक्या वेळा आलो, पण आलो की थेट मशीनकडं. खोलीकडं बघतोय कोण! माझ्या दुकानात तर पडदे, खोकी, चिंध्या, पाय ठेवायला जागा नाही. तिथं वाजणारच की ते चांगलं.

"आता कापूस कुठून आणायचा?" गुरुजींचा आवाज बसला होता.

"गोधड्या आणा," मी म्हटलं. "असतील तेवढ्या. भिंतींवर टांगायच्या."

शांताबाईंनी घरातल्या आणल्या, मग वस्तीतून आणल्या. बाया डोक्यावर गोधड्या घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून मास्तरच्या घरात काय चाललंय ते बघायला लागल्या. खिळे आले, हातोडी आली. गुरुजी हातोडी घेऊन भिंतीसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले.

"काय झालं?"

"दिगंबरराव, आबानं सगळा जन्म कुडाच्या घरात काढला. ही भिंत त्याच्यासाठी बांधली मी. सहा महिनेबी झाले न्हाईत. हिला खिळे मारू?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

शांताबाई पुढं आल्या. "भिंत आबासाठीच हाय ना? मंग ठोका."

गुरुजींनी ठोकला. गिलाव्याचा टवका उडाला आणि ते असे कळवळले की जणू स्वतःच्याच अंगात खिळा गेला. पण थांबले नाहीत. दाराची सोडून तिन्ही भिंतींवर गोधड्या चढल्या, फरशीवर घोंगड्या आणि सतरंज्या पसरल्या. नवी स्लॅबची खोली बोहारणीच्या गाठोड्यासारखी दिसायला लागली. मी ट्वीटर काढून ठेवला, अ‍ॅम्प्लिफायरचं पोट बंद केलं आणि रेकॉर्ड लावली.

पहिली थाप पडली. एकच, स्वच्छ, कोरडी थाप.

पहिला अंतरा गेला. आबांची पाठ आमच्याकडंच. मग डावा हात हळूच छातीवरून निघाला आणि बाजेच्या कडेवर आला. बोटं ठेक्याला लागली. मान वळली. दुसरा अंतरा सुरू झाला, तो ढोलकीवाला नेहमीसारखा घाईत आला, आणि आबांनी तोंड वाकडं केलं.

दारातल्या बाया हसायला लागल्या. शांताबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तशाच ताट वाढायला पळाल्या. गुरुजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बोललो ते मनात धरू नका."

"धरलंय," मी म्हटलं. "आता जेवूनच जाणार."

त्यानंतर हाय-फायच्या चौकशीला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न एकच विचारत आलो, घरात गोधड्या किती आहेत? काही जण मला वेडा समजून शेजारच्या दुकानात गेले. त्यातले बरेचसे नंतर परत आले, डोक्यावर स्पीकर घेऊन.