जयराजच्या हातातलं बटण

आमच्या वाडीच्या डोक्यावर चौदा पवनचक्क्या उभ्या आहेत. पुण्याचे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात आणि म्हणतात, "तुम्हाला काय, लाईटच लाईट!" आम्ही त्यांना चहा पाजतो. मिक्सर बंद म्हणून आलं दगडानं ठेचलंय, हे काही सांगत नाही.

वाडीतली एकुलती एक पिठाची गिरणी रंगूबाईची. नवऱ्यानं फौजेतून आल्यावर घातलेली. तो गेला, गिरणी राहिली. बाई कष्टाळू, दळण एक नंबर, फक्त जिभेला हाड नाही. तिचा लेक जयराज पवनचक्कीवर रखवालदार म्हणून लागला, त्याच दिवशी तिनं जाहीर करून टाकलं, "लाईटीचं बटण आता माज्या जयराजच्या हातात हाय."

जयराजच्या हातात काठी होती. पण अंगातलं निळं जाकीट बघून वाडीनं विश्वास ठेवला. आमच्याकडं जाकिटाला मान आहे. तेव्हापासून लाईट गेली तरी बायका कडेगावला दळायला जाईनात. तिथल्या गिरणीला जनरेटर होता, रंगूबाईला जयराज होता.

आणि नेमकी जत्रेच्या सकाळी नऊला लाईट गेली. दुपारी देवाला पुरणपोळीचा निवद, आणि गिरणीत गव्हाचे बावीस डबे रांगेत. वारा असा की डब्यांची झाकणं उडत होती.

"रंगे, लाव की फोन," शेजारची दगडाबाई म्हणाली. "न्हाईतर आमी निगालो कडेगावला. मग कायमच्याच."

रंगूबाईनं कमरेचा मोबाईल काढला. तिनं फोन लावला.

"आये, पंखंच थांबल्यात," जयराज म्हणाला. "लाईनीत लाईट नसली की त्ये आपोआप बंद पडत्यात. फिरायला त्यास्नी आदी लाईनीत लाईट लागती."

"लाईट करायला लाईट लागती?"

"व्हय. आन माजा मोबाईल मराय टेकलाय. येतोच खाली."

रंगूबाईनं फोन ठेवला. मग बायकांकडं वळली. "बायांनो, मी खोटं बोलले. बटण-बिटण कायबी न्हाई त्याच्या हातात. नुसती काठी हाय." सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्या लेकाला कमी सांगितलं होतं.

दगडाबाई फणकारली, "आज जत्रा हाय म्हणून भाव खातीस व्हय?"  वाट बघून शेवटी तिनं कडेगावला जायला डबा उचलला. तिच्यामागं आणखी सातजणी उठल्या.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. जयराज आत आला, अंगात निळं जाकीट, हातात चार्जर. कुणाशी न बोलता त्यानं चार्जर भिंतीत खुपसला, सवयीनं बटण दाबलं, आणि गिरणीतला बल्ब लागला.

वाडीच्या लाईटीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वेळ साधली होती.

"बगा," दगडाबाई आपला डबा रांगेत पहिला ठेवत म्हणाली, "म्हणं बटण न्हाई."

जयराज आईकडं बघायला लागला. रंगूबाईनं खरं सांगायला पुन्हा तोंड उघडलंही होतं. पण लाईट परत कधी जाईल याचा नेम नव्हता. तिनं पहिला डबा ओतला.