फ्लेक्सवरची पिल्लं

मी संशयी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाल्यानं मोजून दिलेलं दूध मी परत मोजते, मासळीचे कल्ले दोनदा उघडून बघते. त्यामुळे आगरदांड्याच्या आमच्या घरी बटेरांची पिल्लं लंगडी व्हायला लागली, तेव्हा चूक माझी असेल हे माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी आलं.

अंडी उबवायचं छोटं यंत्र मी हौसेनं घेतलं होतं. सुपारीएवढी पिल्लं निघाली, तुरुतुरु धावलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बघते तर पाच-सहा पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकलेले. उठायला जायची आणि पोटावर पडायची. पाण्यापर्यंत पोचता येईना, तशीच मेली. मला रडूच आलं.

आधी अंडी देणाऱ्याला फोनवर झाडला. मग संशय थोरल्या जावेवर गेला. आमच्या चुली वेगळ्या, पडवी एकच. पिल्लं निघाली त्या दिवशी ती खोक्यात डोकावून म्हणाली होती, या फ्लेक्सवर त्यांचे पाय ठरायचे नाहीत. तो फ्लेक्स माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाचा, गावातल्या पोरांनी नाक्यावर लावलेला. धुवायला सोपा म्हणून मी तो कापून खोक्यात अंथरला होता, फोटोची गुळगुळीत बाजू वर. तिच्या नवऱ्याचा फ्लेक्स कधी लागला नाही, म्हणून हिच्या पोटात दुखतंय, असं मी धरून चालले. खोकं पडवीतून आतल्या खोलीत नेलं, खोलीला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

दुसऱ्या खेपेला कुलूप असूनही चार पिल्लांचे पाय फाकले. तरी मी खिडकीच्या गजांतून कुणाचा हात आत जातो का, तेच बघत बसले.

जावेनं त्यातलं एक पिल्लू मागितलं. मरणारच आहे, म्हणून दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं ते चालताना आणून दाखवलं. मला वाटलं, बदललं असणार. अंडीवाल्याचं आणि हिचं साटंलोटं असेल. म्हणून थेंब थेंब पाणी पाजून तगवलेली उरलेली तीन देताना प्रत्येकाच्या मानेवर, पिसांच्या आत, नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावला.

तीन दिवसांनी गेले. जाऊ मागच्या दारी बोंबील साफ करत होती. टोपलीत खरखरीत जुना टॉवेल, त्यावर तिन्ही पिल्लं धावत होती. पाय जवळ राहतील पण पाऊल टाकता येईल, इतपत सैल लोकरीचा धागा दोन्ही पायांना बांधलेला. मी एकेक उचलून पिसं बाजूला केली. तिन्ही ठिपके जागच्या जागी होते.

जावेनं मान वर केली नाही. म्हणाली, "ठिपकं मला पयल्याच दिवशी दिसलं, गो. पन आधी पाय बघायचं व्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात येऊन फ्लेक्सवर बोट टेकलं, ते सरकन घसरलं. फ्लेक्स काढून फेकला.

पुढच्या खेपेला खोक्यात टॉवेल तिनंच अंथरला आणि एकाही पिल्लाचा पाय फाकला नाही. ठिपक्यांचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.