विहिरीभोवतीची हद्द

चंद्रपूरकडच्या एका गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून कोळशाची खाण किती लांब ठेवायची, हे काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. तेव्हा मी एका सल्लागार कंपनीत भूजलाची मॉडेलं करायचे. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेली जमीन. कुठे कोणता खडक आहे, पाणी कुठून कुठे झिरपतं, एका जागी खोल खणून उपसा केला तर दुसरीकडे पातळी किती उतरेल, हे त्यावरून कळतं. म्हणजे साधारण कळतं.

खडकाची माहिती मोजक्या बोअरवरून घेतलेली होती. त्यांच्या मधल्या जमिनीत भेगा कशा गेल्यात, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणून शक्य वाटले तेवढे सगळे आकडे घालून मी मॉडेल पुन्हा पुन्हा चालवलं. दर वेळी विहिरीभोवतीची, खाणीला मनाई करायची हद्द वेगळी आली. कधी ती गावठाणाला लागून संपायची, कधी पार जंगलाच्या कडेपर्यंत जायची. मी साहेबांना म्हटलं, सगळ्यात लांबची धरू या. जास्त सांभाळलं तर थोडा कोळसा जमिनीत राहील, कमी सांभाळलं तर गावाचं पाणी जाईल. त्यांनी माझी शिफारस अहवालात ठेवली आणि तिच्या खाली सरासरीची हद्दही टाकली. निवड वरचे करतील, म्हणाले.

जनसुनावणी शाळेच्या पटांगणात मांडव टाकून झाली. गावच्या सरपंचबाई उठल्या. वयाने माझ्या आईएवढ्या, कापसाची शेती करणाऱ्या.

"बाई, खाण झाली त आमची विहीर आटन का नाई, एवढंच सांगा."

मी म्हटलं, "नक्की सांगता येत नाही. पण आटायची भीती आहे, म्हणूनच खाण लांब हवी."

मग खाणीच्या अधिकाऱ्याने माइक घेतला. मॅडम तज्ज्ञ असून त्यांनाच खात्री नाही, म्हणाला. मला मात्र खात्री आहे, विहिरीला काही होणार नाही, असं तो म्हणाला. नुसत्या शंकेपायी रोजगार घालवायचा का, असंही त्याने विचारलं. मागे बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती गावातलीच होती, कामाच्या शोधात. मी परत माइक मागितला, तर वेळ संपली म्हणून सांगितलं.

मंजुरी सरासरीच्या हद्दीवर आली. मी हरकत लिहून दिली. साहेबांनी ती फाइलला लावली आणि मला दुसऱ्या जिल्ह्याचं काम दिलं.

पुढे एका उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडला. चौकशी बसली, मला बोलावलं. पाण्याच्या पातळ्या दाखवून मी सांगितलं की खाणीतला उपसा हेच सगळ्यात संभाव्य कारण आहे. खाणीच्या बाजूने आलेल्यांनी माझाच अहवाल उघडला आणि मोठ्याने वाचला: अंदाजात अनिश्चितता आहे. खाण जवळ आणताना हेच वाक्य पुढे केलं होतं, आता जबाबदारी झटकतानाही तेच. ठपका कमी पावसावर गेला. गावाला टँकर मिळाला.

त्या दिवशी मी सरपंचबाईंच्या घरी गेले. त्या रागावल्या नाहीत. अंगणात खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसल्या.

"तुमी तवा आटतेच म्हणून सांगतलं असतं त?"

"ते खोटं झालं असतं, बाई. मला माहीतच नव्हतं."

"त्या खानवाल्याले तरी कुठी माहीत होतं?" त्या म्हणाल्या. "पन त्याले कोणी काऊन नाई विचारलं, तुले कसं माहीत म्हणून?"

तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. त्यांनी पाणी भरायचा गुंड उचलला, बसा म्हणाल्या आणि निघून गेल्या. बाहेर भांड्यांचा आणि भांडणाचा आवाज वाढत गेला. थोडा वेळ बसून मी चंद्रपूरची बस गाठायला निघाले.